एडिंबरातला हार

मला एकटीलाच जायचं होतं. परीक्षा माझी होती, दुसऱ्यांदा देत होते, आणि एकदा नापास झालेल्या माणसाला बरोबर कुणी नसलेलंच बरं वाटतं. पण नवऱ्याची त्या वीकेंडला ब्रिस्टलच्या हॉस्पिटलात ऑन-कॉल ड्यूटी होती आणि सासूबाई नॉटिंगहॅमला माझ्याकडे आलेल्या होत्या. तो फोनवर म्हणाला, "आईला घेऊन जा ना. तिचं एडिंबरा बघणं होईल, तुला सोबत होईल." मी हो म्हटलं. नाही म्हणायला कारण सुचलं नाही.

दोन हजार सालानंतरची ती सुरुवातीची वर्षं. आम्ही दोघंही ज्युनिअर डॉक्टर, सहा-सहा महिन्यांच्या नोकऱ्या, जिथे मिळतील तिथे. तो ब्रिस्टलला हॉस्पिटलच्या क्वार्टरमधल्या एका खोलीत राहायचा, मी नॉटिंगहॅमला भाड्याच्या दोन बेडरूमच्या घरात. म्हणून सासूबाई मुलाकडे न उतरता सुनेकडे उतरल्या. लग्नाला तीन वर्षं झाली होती, पण या मुक्कामाआधी मी त्यांच्याबरोबर सलग बावीस दिवससुद्धा राहिलेली नव्हते. आमचं एकमेकींशी फार चांगलं होतं, म्हणजे "हीटिंग वाढवू का?" आणि "तुझा डबा भरलाय" यापलीकडे आम्ही जातच नव्हतो. मी वॉर्डमधून थकून यायचे. त्या समोर ताट ठेवायच्या आणि गप्प बसायच्या. ते गप्प बसणं मला नाराजीसारखं वाटायचं.

साताऱ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये त्यांनी तीस वर्षं ऑपरेटरची नोकरी केली होती. डोक्यावर हेडफोन, पुढे बोर्ड, हातात वायर. एवढं मला माहीत होतं. त्याचा अर्थ काय, ते मला त्या प्रवासात हळूहळू कळत गेलं.

ग्रँथमला गाडी बदलून आम्ही उत्तरेकडे निघालो. सासूबाई खिडकीशी बसल्या, अंगात मुलाचा जुना निळा कोट, खाली साडी, पायात मी घेऊन दिलेले चालायचे बूट. माझ्या मांडीवर नोट्स होत्या. न्यूकॅसल गेलं आणि नवऱ्याचा फोन आला. दोन मिनिटं बोलून मी ठेवला, तर त्या बाहेरच बघत म्हणाल्या, "झोप झालेली नाही त्याची. आणि काहीतरी खात होता."

"तुम्हाला ऐकू आलं?"

"शब्द नाही आले. आवाज आला."

मग समुद्र आला. मी तो नकाशात पाहिला होता, पण गाडी एवढी कड्याच्या काठाने जाईल याची कल्पना नव्हती. एका उंच पुलावरून आम्ही नदी ओलांडली, तिच्या तोंडाशी लाल छपरांचं गाव होतं, आणि त्यानंतर कितीतरी वेळ खिडकीत फक्त दोनच गोष्टी राहिल्या, खाली राखाडी पाणी आणि वर राखाडी आकाश. मधली रेघ कुणीतरी पुसून टाकली होती. नोट्स तशाच उघड्या राहिल्या. मी झोपले नव्हते, पण जागीही नव्हते. मध्येच डोळे उघडले तेव्हा सासूबाईंनी माझ्या मांडीवरून घसरणारे कागद एका हाताने धरून ठेवलेले दिसले. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

आम्ही शहराच्या दक्षिणेला एका छोट्या गेस्टहाऊसमध्ये उतरलो. मालकीणबाई साधारण सासूबाईंच्याच वयाच्या, उंच, गालांवर लाल शिरा असलेल्या. सकाळी त्यांनी ओट्सचं पॉरिज आणून ठेवलं. मी साखर शोधत होते. सासूबाईंनी चमचा तोंडात घातला आणि त्यांचा चेहरा बदलला.

"अगं, यात मीठ आहे. ही पेज आहे."

मी मालकीणबाईंना सांगितलं की आमच्याकडे तांदळाची अशीच करतात, आजारी माणसासाठी. त्या म्हणाल्या, इकडे आजारी नसलेल्यांसाठी करतात. सासूबाईंना मी भाषांतर करून सांगेपर्यंत त्या आधीच हसल्या होत्या.

परीक्षा शुक्रवारी होती. ज्यांना हॉस्पिटलात फिजिशियन म्हणून वर चढायचं असतं त्यांना ती द्यावी लागते. आमच्याकडे सगळे तिला नुसतं मेंबरशिप म्हणत. सासरे गेले त्याआधी त्यांनीसुद्धा लोकांना सांगून ठेवलं होतं, मुलाची मेंबरशिप झाली, आता सुनेची व्हायची आहे. पाच टप्पे असतात, बहुतेक ठिकाणी खरा पेशंट आणि बाजूला दोन परीक्षक. चार टप्पे बरे गेले. पाचव्यात पेशंट नसून एक नटी होती. तिच्या वडिलांचा आजार बरा होणारा नाही, हे मी तिला सांगायचं, एवढंच काम. मी सांगितलं. नीट सांगितलं. तिने विचारलं, "म्हणजे ते आता घरी येणार नाहीत?" आणि ती गप्प झाली. खोटं गप्प होणं होतं, मला माहीत होतं, तरी ते मला सहन झालं नाही. मी बोलायला लागले. नर्सेस येतील, टीम आहे, माहितीपत्रक देते, शेवटच्या दिवसांसाठीचं हॉस्पिस चांगलं आहे. घंटा होईपर्यंत मी बोलतच होते. एका परीक्षकाने पेनाचं टोपण लावलं. तो छोटासा आवाज अजून आठवतो.

संध्याकाळी येऊन मी पलंगावर पडले. सासूबाईंनी फक्त पडदा ओढला आणि त्यांच्या पर्समधली दशमी कागदावर काढून ठेवली.

शनिवारी सकाळी खिडकीबाहेर शहरच नव्हतं. समोरच्या घराची पायरी होती, त्या पायरीवरची दुधाची बाटली होती, आणि त्यापुढे पांढरं. मालकीणबाई टोस्ट ठेवताना म्हणाल्या, "तुमचं नशीब. हार आलाय."

"काय आलाय?" सासूबाईंनी मला विचारलं. तो शब्द त्यांना इंग्रजी वाटलाच नव्हता.

मी विचारून घेतलं. उन्हाळ्याच्या तोंडावर पूर्वेच्या समुद्रावरून धुकं वर चढतं आणि शहरात शिरतं, त्याला इकडचे लोक हार म्हणतात. कधी तासाभरात जातो, कधी तीन दिवस राहतो.

"आपल्याकडे हार गळ्यात घालतात," सासूबाई म्हणाल्या.

"आणि परीक्षेत होते ती पण हारच," मी म्हटलं. म्हणायचं नव्हतं, निसटलं. त्यांनी माझ्याकडे एकदा नीट बघितलं आणि चहाचा कप खाली ठेवला.

"गाडी उद्या आहे ना? मग आजचा दिवस आहे आपल्याकडे. किल्ला बघू."

"आई, काही दिसणार नाही."

"असू दे. आलोय तर जाऊन येऊ."

त्या रोज पहाटे अजिंक्यतारा चढणाऱ्या बाई होत्या. किल्ला म्हटलं की त्यांना चढण दिसायची, दिसणं न दिसणं नंतरचं. आम्ही निघालो. जुन्या शहरातला तो मोठा दगडी रस्ता चढत किल्ल्याकडे जातो, दोन्ही बाजूंना सहा-सहा मजली काळी घरं, पण त्या दिवशी घरांना दोनच मजले होते, वरचे धुक्याने ठेवून घेतले होते. घराघरांमधून खाली उतरणारे अरुंद बोळ होते. प्रत्येक बोळाच्या तोंडाशी दोन पायऱ्या दिसत, तिसरी नसे. माणसं आमच्यापर्यंत यायची, एक क्षण त्यांना चेहरा असायचा, मग पाठ, मग काही नाही. रात्रभर मला धड झोप लागली नव्हती. त्यामुळे खरं काय आणि डोळ्यांचा थकवा कुठला, हे मला वेगळं करता येत नव्हतं. दगड ओले होते. माझे केस ओले होते. पाऊस मात्र पडत नव्हता.

कुठेतरी पुढे कुणीतरी बॅगपाइप वाजवत होतं. मध्येच ते थांबलं, खोकल्याचा आवाज आला.

"वयस्कर आहे," सासूबाई म्हणाल्या. "छातीत कफ आहे."

धुक्यातून आम्ही त्या आवाजापाशी पोहोचलो तर विशीतली एक मुलगी होती, नाक लाल, पायाशी थर्मास. सासूबाई थांबल्या. "चुकलं," त्या म्हणाल्या, अगदी गंभीरपणे, जणू कुणाला चुकीच्या नंबरला जोडून दिलं होतं.

किल्ल्याच्या दाराशी तिकीटवाल्याने प्रामाणिकपणे सांगितलं की आज वरून काहीही दिसत नाहीये, हवं तर उद्या या. मी सासूबाईंकडे बघितलं. त्या आत निघालेल्या होत्या. आत गेल्यावर आमच्यासाठी किल्ला तुकड्यातुकड्यांनी आला. आधी एक भिंत. तिच्यावर हात ठेवून चालत गेलो तर एक तोफ. तोफेचं तोंड ज्या दिशेला त्या दिशेला पूर्ण शून्य. लोक कठड्याशी उभे राहून त्या पांढऱ्याचे फोटो काढत होते. एका ठिकाणी वाकून खाली पाहिलं तर सैनिकांच्या कुत्र्यांची छोटीशी स्मशानभूमी होती, इवले इवले दगड, हिरवं गवत, तेवढंच स्पष्ट, जणू आज शहराने दाखवायला तेवढीच एक गोष्ट ठेवली होती. सासूबाई तिथे बराच वेळ उभ्या राहिल्या.

एक वाजता तोफ उडते म्हणून आम्ही गर्दीत जाऊन थांबलो. दिसत काहीच नव्हतं. तिथल्या एका गणवेशातल्या म्हाताऱ्या माणसाने सांगितलं, की पूर्वी समोरच्या टेकडीवरच्या मनोऱ्यावर एक मोठा चेंडू लावलेला असायचा, एक वाजता तो खाली पडायचा, आणि बंदरातली जहाजं त्यावरून घड्याळं लावायची. पण हार आला की चेंडू दिसेना. म्हणून तोफ आली. मी सासूबाईंना सांगितलं. त्या विचार करत म्हणाल्या, "म्हणजे बघायचं काम ऐकण्यावर आलं." तेवढ्यात तोफ उडाली. आवाज छातीत बसला. धूरसुद्धा दिसला नाही, पांढऱ्यात पांढरं मिसळून गेलं. एक लहान मूल रडायला लागलं आणि सगळे हलक्या आवाजात हसले.

खाली उतरून आम्ही एका तळघरातल्या कॅफेत बसलो. काचांवर वाफ होती. चहाचं भांडं मध्ये ठेवून मी त्यांना पाचव्या टप्प्याचं सगळं सांगितलं. का सांगितलं माहीत नाही. बहुधा बाहेर शहर नव्हतं म्हणून. शहर असतं तर मी त्याबद्दल बोलले असते.

त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं. "ती बाई गप्प झाली तेव्हा तुला काय वाटलं?"

"वाटलं, सगळं माझ्या हातून सुटलं."

"हं."

त्यांनी कपात चहा ओतला. मग म्हणाल्या, "आमच्याकडे ट्रंक कॉलला तीन मिनिटं असायची. तीन झाली की आम्ही मध्ये जाऊन सांगायचं, तीन मिनिटं झाली, वाढवायचा का. एकदा मुंबईहून कॉल आला, जवळच्याच एका गावातल्या गृहस्थांसाठी. ते एक्स्चेंजवर येऊन बसले होते, सकाळपासून. मुलगा हॉस्पिटलात होता त्यांचा. मी जोडून दिला. पलीकडच्या माणसाने एका वाक्यात सांगितलं, मुलगा गेला म्हणून. आणि मग दोन्हीकडे काही नाही. मला वाटलं, लाइन तुटली. आम्हाला तेच शिकवलेलं, आवाज नसेल तर तपासा. मी तपासायला कान दिला तर श्वास येत होते. दोघांचे. लाइन चालू होती."

"मग?"

"मग काय. तीन मिनिटं झाली. चार झाली. मी मध्ये गेले नाही. सुपरवायझर मागे उभा राहून खुणा करत होता. शेवटी त्या गृहस्थांनी विचारलं, किती वाजता गेला? तेवढंच. आणि पलीकडचा बोलायला लागला." त्या थांबल्या. "मला मेमो मिळाला त्याचा. घरी कुणाला सांगितलं नाही मी."

मला काहीतरी बोलावंसं वाटलं. पण आत्ताच हे ऐकल्यावर लगेच तोंड उघडायची लाज वाटली. आम्ही चहा प्यालो.

चारच्या सुमारास मीच म्हटलं, की टेकडीवर जाऊ. शहराच्या मधोमध एक जुना, थंड झालेला ज्वालामुखी आहे, गवताने झाकलेला. आमच्या गेस्टहाऊसपासून जवळच. मालकीणबाई सकाळी म्हणाल्या होत्या, कधीकधी वर हार नसतो. मला ते शक्य वाटत नव्हतं, पण खोलीवर जाऊन पलंगाकडे बघणंही नको होतं. मागच्या बाजूने एक छोटं तळं आहे तिथपर्यंत टॅक्सीने गेलो. तळ्यावरच्या बदकांचे आवाज आले, बदकं दिसली नाहीत. तिथून गवतातून वाट वर जाते.

मी भराभर चढत होते. डोक्यात तो पेनाच्या टोपणाचा आवाज होता, आणि त्याच्याभोवती पुढची सगळी वर्षं फिरत होती, तिसरी परीक्षा, चौथी, नवरा ब्रिस्टलला, मी आणखी कुठेतरी. मागे वळून पाहिलं तर सासूबाई नव्हत्या.

मी हाक मारली. माझाच आवाज कापसात दाबल्यासारखा निघाला. दोन पावलं खाली उतरले तर वाट कुठे गेली कळेना, सगळीकडे सारखंच ओलं गवत. एका बाजूला कडे आहेत हे मला माहीत होतं. कुठल्या बाजूला, ते आता माहीत नव्हतं. मी पुन्हा हाक मारली, आणि त्या वेळी माझा आवाज फाटला.

"मी इथे आहे." खालून की बाजूने, कळलं नाही. पण आवाज स्वच्छ होता, जोराचा नाही, एका पट्टीतला. असा आवाज मी त्यांचा घरात कधी ऐकला नव्हता. "तू जागेवरून हलू नकोस. बोलत राहा. मी आवाजावर येते."

"काय बोलू?"

"काहीही. थांबू नको फक्त."

मी बोलायला लागले. आधी आकडे म्हटले. मग छातीचे ठोके कसे ऐकायचे ते, झडपांची नावं, परीक्षेसाठी पाठ केलेलं. ते संपलं. मग परीक्षेचे टप्पे एकेक करून सांगितले. मग ते पण संपलं, आणि समोर पांढरं होतं, आणि मला थांबायची परवानगी नव्हती.

"मला ही परीक्षा द्यायचीच नव्हती," मी त्या पांढऱ्याला म्हटलं. "मी पास झाले तरी मला हॉस्पिटलात राहायचं नाहीये. मला जीपी व्हायचंय, फॅमिली डॉक्टर. एका गावात, एका जागी. पेशंट आला की त्याची आई पण मला माहीत असेल, मूल पण माहीत असेल, असं. तुमच्या मुलाला हे मी सांगितलेलं नाही. त्याला वाटेल मी हरले म्हणून म्हणतेय. बाबांना वाटलं असतं की सून साधी डॉक्टर राहिली. आणि तुम्ही काही बोलतच नाही, त्यामुळे तुम्हाला काय वाटतं ते मला कधी कळतच नाही. तुम्ही ताट ठेवता आणि गप्प बसता, आणि मला रोज वाटतं की माझं काहीतरी चुकलंय."

एवढं झाल्यावर मी रडत होते. कोटाच्या बाहीने नाक पुसलं, आणि तेव्हा मला निळा कोट दिसला. दोन हातांवर. त्या उभ्या होत्या, हात खिशात, पदरावर दवाचे थेंब.

"कधी आलात?"

"मघाशीच."

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलत होतीस," त्या म्हणाल्या.

त्यांनी जवळ येऊन माझ्या कोटाची वरची चेन नीट लावली, लहान मुलाची लावतात तशी, आणि माझ्या दंडाला धरून म्हणाल्या, "चल. चढण संपत आली असेल."

मग आम्ही हात धरूनच चढलो. वाट खडकाळ झाली. धुकं आधी पिवळट झालं, मग त्यात निळं मिसळलं, आणि वीस-पंचवीस पावलांत आमची डोकी त्यातून बाहेर आली. खरोखर तसंच झालं, पाण्यातून वर येतात तसं, आधी डोकी, मग खांदे, मग कमरेपर्यंत. वर लख्ख ऊन होतं. माथ्यावरच्या खडकांवर पाच-सात माणसं बसली होती आणि कुणी बोलत नव्हतं. खाली शहर नव्हतं, पांढरा, सपाट, अगदी सावकाश हलणारा समुद्र होता, आणि त्यातून किल्ल्याचा खडक वर आलेला, दोन-तीन चर्चची टोकं, आणि फार लांब पलीकडच्या काठावरचे डोंगर. सकाळपासून ज्याच्या आत आम्ही भिंतीला हात लावत फिरत होतो, तेच हे.

सासूबाईंनी बूट काढले, मोजे काढले आणि पाय उन्हात ठेवले. पर्समधून उरलेली दशमी काढून अर्धी मला दिली. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "त्याला तू सांग. मी सांगणार नाही."

"रागावेल का?"

"गप्प बसेल. माझ्यावर गेलाय." मग थोड्या वेळाने, "तू तेवढ्यात बोलून भरून काढू नकोस."

आणि त्यानंतर, किल्ल्याकडे बघत, "मी ताट ठेवून गप्प बसते कारण तू दमून आलेली असतेस. एवढंच आहे ते. दुसरं काही नाही."

आम्ही तिथे किती वेळ बसलो मला सांगता येणार नाही. उन्हाळ्यातला तिकडचा दिवस संपतच नाही. ऊन तिरपं झालं, हार हळूहळू खाली बसत गेला आणि एकेक छप्पर वर आलं. मी बहुतेक त्यांच्या खांद्यावर डोकं ठेवून झोपले. जागी झाले तेव्हा अर्धं शहर दिसायला लागलं होतं, आणि त्या एका जर्मन बाईला खुणांनी दशमी कशी लाटतात ते सांगत होत्या.

नवऱ्याला मी पुढच्या मंगळवारी फोनवर सांगितलं. तो गप्प झाला. मी स्वयंपाकघरात भिंतीला टेकून रिसीव्हर कानाला धरून उभी राहिले. त्याचा श्वास ऐकू येत होता. दारात सासूबाई होत्या, त्या वळून बाहेरच्या खोलीत गेल्या. शेवटी तो म्हणाला, "मला थोडा वेळ दे." तो थोडा वेळ तीन आठवड्यांचा झाला. त्या तीन आठवड्यांत आम्ही फक्त बिलांबद्दल आणि गाड्यांच्या वेळांबद्दल बोललो, आणि ते सोपं नव्हतं.

मग निकालाचं पत्र आलं. मी पास झाले होते. काठावर, पाचव्या टप्प्यात सगळ्यांत कमी गुण, पण पास. नवरा त्या शुक्रवारी केक घेऊन ब्रिस्टलहून आला. त्याला वाटलं, आता तो विषय संपला. मी म्हटलं, संपलेला नाही. तो केक आम्ही दुसऱ्या दिवशी खाल्ला. पण त्या रविवारी आम्ही दोघं नदीकाठी खूप लांब चालत गेलो, आणि परत येताना त्याने विचारलं की जीपीच्या ट्रेनिंगला किती वर्षं लागतात. सासूबाईंचा व्हिसा संपला आणि त्या साताऱ्याला गेल्या. तिथे कुणी विचारलं की सून कसली डॉक्टर, तर त्या सांगत, "घरातल्या सगळ्यांची."

पुढे आम्ही मिल्टन कीन्सला घर घेतलं. तिथल्याच एका सर्जरीत, म्हणजे जीपीच्या दवाखान्यात, मी लागले. पेशंट समोर बसून गप्प होतो तेव्हा अजूनही माझी जीभ शिवशिवते. दहा मिनिटांची अपॉइंटमेंट असते, बाहेर लोक ताटकळत असतात. कधी जमतं, कधी नाही.

एडिंबराला मी नंतर एकदाच गेले, नवरा आणि तीन वर्षांच्या मुलीला घेऊन. आभाळ निळं होतं. किल्ला पहिल्या वळणापासून दिसत होता, मोठा, काळा, पूर्ण. बोळांतल्या पायऱ्या खालपर्यंत मोजता येत होत्या. सगळं सुंदर होतं, आणि मला सारखं वाटत होतं की मी इथे कधी आलेलीच नाही. टेकडीवर मी ती जागा शोधली. मागची वाट तळ्यापासून माथ्यापर्यंत एका नजरेत दिसत होती, रुंद, हिरवी उतरण, कुणी हरवेल असं तिथे काहीच नव्हतं. कडा बराच लांब होता. मी गवतात एका ठिकाणी थांबले, मग आणखी थोडं वर जाऊन थांबले. मुलगी नवऱ्याच्या खांद्यावरून उतरून पळत सुटली. तो तिच्या मागे गेला.

"काय शोधतेयस?" त्याने वरून विचारलं.

मी काही नाही म्हटलं आणि त्यांच्याकडे चढायला लागले.